रंगरूट आणि हयातीचा दाखला

आमच्या गॅलरीच्या छताला एक हूक आहे. सांगलीच्या विश्रामबागेतला हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं तो झोपाळ्यासाठी ठोकला होता. झोपाळा काही आला नाही. त्या हुकाला आजवर एकच वस्तू लटकली, ती म्हणजे पिंजरा, आणि तोही जेमतेम सहा महिने. आता तो पिंजरा कुंडलला आहे, पिंजऱ्यातला पोपट कुंडलला आहे, आणि त्या पोपटाला रोज सकाळी सहाला कवायतीला उभा करणारे माझे सासरे, निवृत्त सुभेदार लालासाहेब, तेही कुंडललाच आहेत. वाळत घातलेल्या चादरी अडकतात म्हणून तो हूक काढून टाकायला मी दोन वर्षांत चार वेळा स्टूल आणलं. स्टुलावर चढतो, थोडा वेळ उभा राहतो आणि उतरतो. राजेश्वरी, म्हणजे माझी बायको, आतून विचारते, निघाला का? मी सांगतो, गंजलाय, निघत नाही. हूक स्टेनलेस स्टीलचा आहे, हे तिलाही माहीत आहे.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, आम्ही सांगलीला आणलं ते गणपतीच्या आधी. मामी, म्हणजे सासूबाई, जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि मामांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. सत्तावीस वर्षं फौजेत काढलेला हा माणूस एके काळी कुंडलच्या स्टँडवर बोलायला लागला की बाराची एसटी चुकलेली माणसं दोनचीही चुकवायची. आता त्यांच्याकडे फक्त एक 'हूं' उरला होता. त्याचे तीन प्रकार होते: जेवायचं आहे, जेवायचं नाही, आणि मला विचारू नका. दिवसभर ते आमच्या हॉलमध्ये बंद टीव्हीसमोर ताठ बसून राहायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, तब्येत माझ्यापेक्षा बरी असल्याचं माझ्यादेखत सांगितलं, आणि म्हणाले, यांना काहीतरी जिवंत सांभाळायला द्या.

राजेश्वरीच्या मनात तुळस होती. मला मात्र कल्पना सुचली. मला जेव्हा जेव्हा कल्पना सुचते तेव्हा आमच्या घरात सगळे सावध होतात, पण त्या दिवशी राजेश्वरी शाळेत शिकवायला गेली होती आणि मामा आक्षेप घेण्याइतकं बोलत नव्हते. कुत्रा सोसायटीच्या नियमात बसत नव्हता. मासे आणले असते तर घरातल्या न बोलणाऱ्यांची संख्या वाढली असती. उरला पोपट.

आमच्या शेजारी अनंतराव राहतात. आयुष्यभर जमिनींची मोजणी करून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची हद्द त्यांना चटकन दिसते. पोपट हा शब्द ऐकताच त्यांनी सांगितलं की आपला हिरवा पोपट घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मी हसलो. त्यांनी संध्याकाळपर्यंत मला अकरा मेसेज पाठवले आणि त्यातल्या एकात बेड्या घातलेल्या माणसाचा फोटो होता. परदेशी पोपट मात्र चालतो, फक्त त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, असं त्यांनीच शोधून काढलं, आणि साताऱ्याचा शंभूराज अशी पाखरं घरी वाढवतो, हेही त्यांनीच सांगितलं. पुढं जे झालं त्याची निम्मी जबाबदारी मी आजही अनंतरावांवर टाकतो.

शंभूराजच्या गच्चीवर गेलो तेव्हा समोर अजिंक्यतारा दिसत होता. त्यानं मला तीन महिन्यांचं एक पिल्लू दाखवलं. हिरव्या अंगावर पिवळा आणि केशरी रंग सांडल्यासारखा, डोळे काळेभोर, पायात नंबर कोरलेली बारीक कडी. लहान पोपट काय काय करतात आणि त्यातल्या कशाकशाला घाबरायचं नाही, हे त्यानं मला चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. मी मान हलवत होतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. समोरचा बोलत असताना मान हलवायची आणि मनात दुसरंच काही चालू ठेवायचं, हे मला बावीस वर्षांच्या सवयीनं जमतं. मी किल्ला बघत होतो.

घरी आल्यावर पिंजरा मामांसमोर ठेवला. मामांनी पिल्लाकडे पाहिलं, पिल्लानं मामांकडे पाहिलं. मग पिल्लू आपलं एक विस्कटलेलं पीस चोचीनं सरळ करायला गेलं आणि दांडीवरून घसरून खाली पडलं.

"रंगरूट हाय," मामा म्हणाले.

आठ दिवसांतले ते त्यांचे पहिले शब्द. फौजेत नव्यानं भरती झालेल्या पोराला रंगरूट म्हणतात. राजेश्वरी आत गेली आणि बराच वेळ कांदा चिरत राहिली, पण त्या दिवशी भाजीत कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गॅलरीत कवायत सुरू झाली. मामा म्हणायचे, सावधान. रंगरूट पिसं चापून उभा राहायचा. मामा म्हणायचे, विश्राम. रंगरूट अंग फुलवून कापसाचा गोळा व्हायचा. तो हुकूम ऐकून तसं करायचा, की तो जे करेल तो हुकूम मामा देत होते, हे मी कधी तपासलं नाही. मामा त्या अर्ध्या तासात त्याच्याशी बोलायचे, बाकी दिवसभर आमच्यासाठी पुन्हा 'हूं'. सहा ते साडेसहा घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम आपोआप झाला. राजेश्वरी ओट्याशी डबे भरता भरता थांबून ऐकायची. मी पेपर उघडून बसायचो आणि पान उलटायचो नाही. त्या सकाळी अजून आठवतात.

पण लहान पोपट पाळणं हे काम माझ्या अंदाजापेक्षा अवघड निघालं, कारण तो रोज नवीन रीतीनं आजारी पडत होता.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि पिंजऱ्यातून करकर करकर असा आवाज येऊ लागला. रंगरूट डोळे अर्धे मिटून चोचीवर चोच घासत होता. खालच्या मजल्यावरच्या विजयमालाकाकू नेमक्या भोपळा द्यायला आल्या होत्या. त्या मूळच्या इस्लामपूरच्या, चार मुलं आणि नऊ नातवंडं वाढवलेल्या. त्यांनी सांगितलं की पोरं झोपेत दात खातात तसं हे आहे, पोटात जंत झालेत. अनंतराव म्हणाले, पोपटाला दात नसतात. मग काकूंनी विचारलं, मग तो काय खातोय? यावर दोघांच्या मते जंतच ठरले. काकूंच्या सांगण्यावरून मी वावडिंगाचं पाणी करून त्याच्या वाटीत ठेवलं. रंगरूट त्या वाटीत बसला आणि त्यानं आंघोळ केली.

चौथ्या दिवशी त्याचा एक पाय नाहीसा झाला. तो एका पायावर उभा होता आणि दुसरा पोटाच्या पिसांत कुठंतरी गडप झाला होता. मी पिंजरा उचलून गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथं रांगेत माझ्यापुढं दोन म्हशी आणि एक शेळी होती. केसपेपर करणाऱ्यानं विचारलं, जनावर कुठलं? मी म्हटलं, पोपट. त्याच्या छापील कागदावर गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि कोंबडी एवढीच जनावरं होती. त्यानं बराच विचार केला आणि कोंबडीवर टिक केली. मी हरकत घेतली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की पंख आहेत ना, मग झालं. डॉक्टर भला माणूस होता. म्हैस असती तर सांगितलं असतं, असं त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. तेवढ्यात रंगरूटनं दुसरा पाय बाहेर काढला, दोन्ही पायांवर चालत आला आणि डॉक्टरांच्या पेनाचं टोपण पळवलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'चालणे सामान्य'.

हाच कागद पुढं माझ्या नशिबाला आला. नोंदणीच्या अर्जात मालकाचं नाव, पत्ता, कडीचा नंबर अशी सगळी माहिती भरल्यावर शेवटी एक रकाना होता: नर की मादी. आता हे मला कसं कळणार? शंभूराजला फोन केला तर तो म्हणाला, या जातीत बघून कळत नाही, रक्त तपासावं लागतं. मी रकाना कोरा ठेवला. अर्ज परत आला. मुलांचे अर्ज कोऱ्या रकान्यासाठी परत पाठवण्यात ज्याची हयात गेली, त्याचा स्वतःचा अर्ज परत आला, हे दुःख कुणाला सांगणार? मी स्वतः त्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या तरुण साहेबांनी मला नमस्कार केला आणि ओळखलंत का सर, असं विचारलं. मी ओळखलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, त्यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी तीन वेळा परत पाठवला होता, एकदा तर जन्मगावापुढं जिल्हा लिहिला नाही म्हणून. त्यांना तारखा पाठ होत्या. मग त्यांनी पोपटाच्या तब्येतीचा कागद मागितला, मी केसपेपर दिला, आणि त्यांनी तो फार सावकाश वाचला. पोपट नोंदवायचाय की कोंबडी, असं त्यांनी अतिशय आदरानं विचारलं. मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी मला चहा पाजला आणि अर्ज परत केला.

दिवाळीच्या सुमारास एके दुपारी रंगरूट मामांच्या अंगठ्यावर बसून जोरजोरात मान खालीवर करू लागला. विजयमालाकाकू म्हणाल्या, अंगात आलंय. मग त्यानं अर्धवट पचलेले दाणे मामांच्या अंगठ्यावर ओकले. मला विषबाधेची शंका आली. मी घरातले सगळे दाणे फेकून दिले, वाट्या उकळल्या, आणि ज्या दुकानातून दाणे आणले होते तिथं जाऊन भांडून आलो. मामांनी रुमालानं अंगठा पुसला आणि दुसरा हात पुढं केला. रंगरूट त्या हातावरही ओकला. एक गोष्ट इथं नोंदवून ठेवतो. दाणे मी आणत होतो, पिंजरा मी धूत होतो, त्याच्यासाठी सरकारी अपमान मी सोसत होतो, आणि मला तो चावायचा.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण जिवंत आहोत हे त्या महिन्यात सिद्ध करावं लागतं. मामा दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला पलूसला जायचे आणि तिथं त्यांचा अख्खा दिवस जायचा. त्या वर्षी सांगलीत द्यायचा ठरला. राजेश्वरीनं शाळेतून रजा काढली. मामांनी कोट घातला, कोटावर मेडलं लावली आणि नऊ वाजता दोघं निघाली. संध्याकाळपर्यंत ती येत नाहीत, या हिशेबानं मीही किरकोळ रजा टाकून पिंजरा धुवायला काढणार होतो.

सव्वानऊला मी गॅलरीत गेलो. रंगरूट पिंजऱ्याच्या तळाशी उताणा पडला होता. दोन्ही पाय वर, बोटं वळलेली, डोळे मिटलेले.

मी हाक मारली. मग थोडं मोठ्यानं मारली. मेलेल्या वस्तूला हात लावणं माझ्याच्यानं होत नाही, हे मी लपवत नाही. झुरळही राजेश्वरीच उचलते. मी तिथंच खाली बसलो. पाखराचं वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. उद्या सकाळी सहा वाजता मामा गॅलरीत येणार आणि सावधान म्हणायला समोर कुणी नसणार. रोज सकाळी ऐकलेला तो आवाज पुन्हा बंद होणार, आणि या वेळी कायमचा.

मग मला कल्पना सुचली. शंभूराजकडे अशीच अजून दोन पिल्लं होती. पिंजऱ्यावर मोठा टॉवेल टाकला, चारही बाजूंनी खोचला, घराला कुलूप लावलं आणि रिक्षा करून स्टँड गाठला. संध्याकाळच्या आत दुसरा रंगरूट घेऊन परत यायचं ठरवलं. फोन मुद्दाम बंद केला, कारण राजेश्वरीशी खोटं बोलताना माझा आवाज चोरटा होतो.

साताऱ्याची गाडी निम्मी रिकामी होती. मी पिंजरा मांडीवर घेऊन बसलो. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, नाव आकाराम. त्यांनी विचारलं, आत काय? मी म्हटलं, पोपट. बोलतो का, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गेला तो. मग माझे डोळे भरून आले. मी रडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी आष्ट्यापासून इस्लामपूरपर्यंत मी डोळे पुसत होतो आणि आजोबा माझ्या पाठीवर हात फिरवत होते. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागं वळून चौकशी केली. हळूहळू अख्ख्या गाडीत कळलं की याच्या घरातलं पाखरू गेलंय. कुणी म्हणालं, झाडाखाली पुरा. कुणी म्हणालं, कराडला उतरा, दोन नद्या भेटतात, तिथं सोडलेलं चांगलं. कंडक्टरनं पिंजऱ्याचं सामान म्हणून तिकीट काढायला हात घातला होता, तो त्यानं मागं घेतला.

कराडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. आकाराम आजोबा म्हणाले, एकदा तोंड तरी बघू दे लेकराचं. मी मान फिरवली. त्यांनी टॉवेल उचलला.

आतून एक जांभई आली. मग रंगरूट तारेला उलटा लटकला आणि त्यानं सगळ्या गाडीकडे एकदा बघून अशी काही किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं चहाचा कप खाली ठेवला. उजेड दिसल्यामुळं त्याची सकाळ झाली होती. टॉवेल होता तोवर रात्र समजून तो झोपला होता.

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. आयुष्यात माझ्याकडे इतक्या माणसांनी एका वेळी पाहिलेलं नाही.

"आवं, जित्ता हाय की वो ह्यो," आजोबा म्हणाले. "तुमी कुनासाटनं रडत हुता?"

कंडक्टर परत आला आणि त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.

खरं तर तिथंच उतरून परत फिरायला हवं होतं. पण तिकीट साताऱ्यापर्यंतचं होतं, आणि या पाखराबद्दल आपल्याला काडीचीही अक्कल नाही, हे मला त्या गाडीत बसल्या बसल्या पटलं होतं. मी पुढं गेलो. शंभूराजनं माझं सगळं ऐकून घेतलं. हसू त्यानं फार कष्टानं आवरलं. मग म्हणाला, हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं. या वेळी मी किल्ल्याकडे पाठ करून बसलो. चोच घासतो तो झोप आली म्हणून, मन शांत असलं की घासतो. एका पायावर उभा राहतो तो आरामात असला की. पिण्याच्या पाण्यात आंघोळ करणं हा पोरकटपणा, मोठा झाला तरी जात नाही. ज्याच्या अंगावर दाणे काढतो त्याला तो आपला मानतो. पक्षी पिल्लाला आणि जोडीदाराला असंच भरवतात. आणि ही जात पाय वर करून उताणी झोपते.

"दादा, घाबरलेलं पाखरू कवाच पोट वर करत न्हाई," तो म्हणाला. "जितं भ्या वाटत न्हाई तितंच असं झोपतं. तुमचं घर त्यानं आपलं म्हटलंय, बगा."

मी फोन चालू केला. राजेश्वरीचे सव्वीस फोन येऊन गेले होते. मी तिला फोन लावला, तेव्हा तिकडचं सगळं कळलं.

हयातीचा दाखला त्या दिवशी वीस मिनिटांत मिळाला होता. मशीनवर अंगठा ठेवला, मशीननं मामा जिवंत असल्याचं मान्य केलं आणि दोघं साडेदहाला घरी परतली. दाराला कुलूप होतं तसं, आणि पिंजरा नाही. अनंतरावांनी दार, खिडकी आणि गॅलरीचा कठडा मोजून चोर वरून आला असणार असा निष्कर्ष काढला. विजयमालाकाकूंनी एका माणसाला झाकलेला पिंजरा घेऊन रिक्षात बसताना पाहिलं होतं. पाठ रविराजसारखी, म्हणजे माझ्यासारखी, होती, पण तो डोळे पुसत होता म्हणून मला तो वाटला नाही, असं त्या म्हणाल्या. मामांनी कोटाची बटणं लावली आणि ते पोलीस चौकीत गेले. तिथं पोपटाचा पुरावा मागितला. घरात कागद एकच होता, दवाखान्याचा केसपेपर. तो वाचून हवालदारानं लिहायला घेतलं: एक कोंबडी, रंग हिरवा-पिवळा, नाव रंगरूट.

"मग?" मी विचारलं.

"मग आबा बोलायला लागले," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज वेगळाच येत होता. "दीड तास झाला. हवालदाराला पोपट म्हणजे काय ते सांगितलं, मग सैन्यात कागद कसा लिहितात ते सांगितलं. आता चौकीतली सगळी त्यांच्याभोवती बसलीत आणि ते सियाचीनला पोचलेत. अहो, तुम्ही कुठं आहात?"

पाखरू माझ्याजवळ सुखरूप आहे, बाकीचं घरी येऊन सांगतो, एवढंच म्हणून मी परतीची गाडी पकडली. रंगरूट माझ्या मांडीवर, टॉवेल काढलेला. वाटेत मी तीन कारणं तयार केली. पिंजरा दुरुस्तीला नेला होता, पोपटाला लस द्यायची होती, शंभूराजनं बोलावलं होतं. तिन्ही चांगली होती. तिसरं तर मला स्वतःलाच पटलं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामा कोटातच खुर्चीवर बसले होते. मी पिंजरा टेबलावर ठेवला आणि दार उघडलं. रंगरूट चालत बाहेर आला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि त्यांच्या मनगटावर चढला. मामांनी त्याचे पंख उचलून पाहिले, पाय पाहिले, कडीचा नंबर वाचला. मग मला म्हणाले, बसा.

मी बसलो. तीन कारणांपैकी एकही तोंडातून निघेना. समोर ती मेडलं होती. मी सगळं खरं सांगितलं. उताणं पाखरू, टॉवेल, एसटी, दुसरा पोपट आणून गुपचूप ठेवायचा बेत.

"मला सांगनार न्हवतासा?" मामांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी रंगरूटच्या मानेवरून बोट फिरवलं.

"जावईबापू, तुमची मामी गेली त्या दिशी मला फोन तुमीच केलता."

मला तो फोन आठवत होता. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून केला होता.

"मी कवठे महांकाळला हुतो. आमच्या पलटनीतल्या आप्पासोच्या पोरीचं लगीन. तुमी म्हनालासा, मामींना जरा बरं वाटत न्हाई, दवाखान्यात दाखवलंय, काळजीचं काय न्हाई, जेवून सावकाश निगा. मी जेवलो. तुमी सांगितलं तसं सावकाश जेवलो. आप्पासोनं आग्रह केला म्हनून दोन जिलब्या वर घेतल्या. तवा तिला जाऊन दीड तास झालता."

स्वयंपाकघराच्या दारात राजेश्वरी उभी होती. तिला हे माहीत नव्हतं. मलाही त्यातलं निम्मंच माहीत होतं.

"तुम्ही एकटेच मोटरसायकलवर येणार होता," मी म्हणालो. "एवढा लांबचा रस्ता. मला वाटलं..."

"तुमी भल्यासाटनंच केलं. तुमच्यावर राग न्हाई माजा. राग ह्या तोंडावर हुता. ती तकडं गेली आन ह्या तोंडानं हिकडं जिलबी खाल्ली. परत त्या तोंडानं कुनाशी बोलावं असं वाटंना झालं."

मी म्हणालो, मामा, माझं चुकलं. ते म्हणाले, व्हय, चुकलं. बऱ्याच दिवसांत माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मग ते म्हणाले की इथून पुढं पाखरू असो की माणूस, जे घडेल ते तेव्हाच्या तेव्हा सांगायचं, त्यांच्यात ऐकण्याची ताकद आहे. मी कबूल केलं. पुढं ते रंगरूटला घेऊन आपल्या घरी कुंडलला परतले, पण तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. इतर कुणाबाबत हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राजेश्वरी आत आली आणि वडिलांच्या पायाशी फरशीवर बसली. तिनं जे विचारलं ते मी कधी विचारलं नसतं.

"आबा, जिलबी कशी होती?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते उठून जातील.

"लय ग्वाड हुती गं," ते म्हणाले. "गरम गरम. तुज्या आईला दोन बांधून घ्यावी असं मनात आलतं."

त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडाला धरला. रंगरूट त्यांच्या मनगटावरून खांद्यावर गेला. राजेश्वरीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग रुमालातूनच ते सांगायला लागले, की ती गोडाची कशी होती, कुंडलच्या यात्रेत शेव-चिवडा सोडून आधी जिलबीच्या पालाकडं कशी जायची, आणि ते सुट्टीवर आले की स्टेशनवरच, आमच्यासाठी काय आणलं, असं कसं विचारायची.

मी उठलो आणि चहा टाकला. दूध उतू गेलं, ओटा पुसला, परत दूध तापवलं. चहा घेऊन बाहेर आलो तोपर्यंत मामा मामींच्या आणि त्यांच्या लग्नापर्यंत मागं गेले होते, आणि वरातीतला बैल कुठं बुजला ते राजेश्वरीला हातवारे करून सांगत होते.